मागच्या खोलीपर्यंत

दुष्काळी मुलखात राहणाऱ्या माणसाला पाण्याचा एक नियम लहानपणीच कळतो. घागर किती लवकर भरेल हे टाकीच्या आकारावर ठरत नाही. टाकीपासून घागरीपर्यंतच्या वाटेत नळ जेथे सर्वांत अरुंद असेल, तेथल्या धारेवर ते ठरते. इंटरनेटच्या जोडणीलाही हाच नियम लागू आहे. परंतु पाणी डोळ्यांना दिसते आणि ही धार दिसत नाही; म्हणून टाकीचा आकडा ऐकूनच आपण निश्चिंत होतो.

आमचे गाव शिरूर कासार. पुणे जिल्ह्यातले शिरूर निराळे. हे बीड जिल्ह्यातले, सिंदफणेच्या काठचे, तालुक्याचे ठिकाण. दसरा-दिवाळी आटोपली की या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कुणी लेकरांना बरोबर नेतात. मग त्या लेकरांची शाळा अर्ध्या वर्षावर तुटते. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आहे, ते मुलाला त्याच्या हवाली करून जातात.

आमच्या शेजारी असेच एक घर आहे: आजी आणि तिसरीतला नातू. आजींजवळचा फोन बटणांचा. त्यावर चेहरा दिसत नाही. म्हणून रात्री जेवणे झाली की दोघे आमच्या मागच्या खोलीत येतात आणि फडावरच्या कोपीत बसलेल्या आईबापांशी आमच्या फोनवर बोलतात. मुलगा वही फोनसमोर धरून आईला अक्षर दाखवतो. हा पाच-दहा मिनिटांचा नेम त्याला शाळेत टिकवून धरतो, हे आम्ही उभयता जाणून होतो.

आमची कन्या घरूनच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या सोयीसाठी गेल्या हिवाळ्यात आम्ही जोडणी वाढवून घेतली. पूर्वी सेकंदाला ४० मेगाबिटांची होती, ती १५० ची झाली. नवी पेटी आली, बिलाचा आकडा वाढला आणि त्याच आठवड्यापासून मागच्या खोलीतले बोलणे अडखळू लागले. आईचा चेहरा मध्येच थिजे, ओठ उघडे राहत आणि आवाज तुटे. चार-पाच दिवस असे झाल्यावर मुलगा आजीला म्हणाला, “आई माझ्याशी बोलता बोलता गप होती. मला बी फडावर घेऊन जायला सांग.” आजी आमच्याकडे पाहत राहिल्या.

तक्रार नोंदविली. पलीकडून उत्तर आले की त्यांच्या बाजूने सर्व काही ठीक दिसते. घरात ज्याचे त्याचे निदान सुरू झाले. कुणी म्हणे पेटीच नकली, कुणी म्हणे कंपनीने फसविले, कुणी म्हणे फोन बदला. यांपैकी एकालाही आधार नव्हता. तेव्हा आम्ही एक साधी शंभरपानी वही काढली. वार, वेळ, खोली, तारेने की बिनतारी, आणि मोजलेला वेग, असे पाच रकाने आखले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच नोंद करायची, असे ठरविले. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला हे कळत नाही.

पहिली उकल भाषेची होती. जोडणीचा वेग मेगाबिटांत सांगतात आणि संगणकावर उतरणाऱ्या धड्याचा आकार मेगाबाइटांत दिसतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १५० मेगाबिटांची जोडणी सेकंदाला फार तर पावणेएकोणीस मेगाबाइट आणील. पडद्यावर १८ दिसले म्हणून चोरी झाली असे नव्हे. कित्येक घरांतली निम्मी तक्रार येथेच मिटावी.

दुसरी पायरी तारेची. वायफायवर मोजलेल्या वेगात भिंतींचा, फोनचा आणि शेजाऱ्यांच्या लहरींचा हिशेब मिसळलेला असतो. जोडणीची खरी पारख करायची तर संगणक राउटरला तारेने जोडून, बाकीचे फोन बंद करून मोजावे. आम्ही तसे मोजले. वहीत आकडा उतरला ९४. सकाळी ९४, दुपारी ९४, रात्री ९३. वाहतुकीमुळे कमी-जास्त होणारा वेग असा एका जागी खिळून राहत नाही. शंभराच्या किंचित खाली अडलेला आकडा एकच गोष्ट सांगतो: वाटेत कोठेतरी १०० मेगाबिटांची मर्यादा असलेला दुवा आहे.

तो दुवा सापडला. भिंतीवरची प्रकाशतंतूची पेटी आणि राउटर यांच्यामधली तार जुन्या जोडणीच्या वेळची होती. बसविणाऱ्यांनी तीच पुढे वापरली होती. अशा तारेत बारीक आठ धागे असतात. १०० मेगाबिटांपर्यंत त्यांतले चार पुरतात. त्यापुढच्या वेगासाठी आठही धागे टोकापासून टोकापर्यंत जुळावे लागतात. आमच्या तारेच्या टोकाशी चारच जुळलेले होते. ४० च्या काळात हे व्यंग कुणाला जाणवणे शक्यच नव्हते. नवी तार आणून जोडली आणि वहीत १४६ लिहिले.

घरात आनंद झाला; पण मागच्या खोलीत फोन अजूनही ५ आणि ६ दाखवीत होता. येथे गोष्ट घराच्या बांधणीवर आली. आमचे घर जुने, माळवदाचे. दगडमातीच्या भिंती दोन हात जाड. उन्हाळ्यात गारवा देतात, पण लहरी गिळतात. ओसरीतला राउटर आणि मागची खोली यांच्यामध्ये अशा दोन भिंती आणि एकीवर भांड्यांची भरगच्च मांडणी. धातूवरून या लहरी परावर्तित होतात. त्यातून वायफायच्या दोन पट्ट्यांची प्रकृती वेगळी: २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी पार होते, पण तिच्यावर गर्दी फार आणि वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानते. नवी पेटी दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देऊन बसली होती. मागच्या खोलीतला फोन ५ ची क्षीण लहर धरून ठेवी आणि ती तुटेपर्यंत सोडीत नसे. वेग वाढवूनही बोलणे बिघडले, त्याचे एक कारण हे होते.

आम्ही दोन्ही पट्ट्यांना निरनिराळी नावे दिली, राउटर ओसरीच्या कोपऱ्यातून उंच फळीवर घेतला आणि माळवदाच्या कडेने एक तार मधल्या खोलीत नेऊन तेथे दुसरी लहान पेटी बसविली. बिनतारी लहर पकडून पुन्हा पुढे फेकणारे यंत्र स्वस्त मिळते. पण एकाच लहरीवर घेणे आणि देणे दोन्ही करणाऱ्या साध्या यंत्रात वेग निम्म्यावर येतो. तार नेणे कष्टाचे, तरी टिकाऊ. मागच्या खोलीत आता ६० च्या घरात वेग मिळू लागला.

तरीही वहीत दोन खुणा उरल्या. एक, रोज रात्री आठ ते दहा वेग हळूहळू उतरे आणि मग चढे. दुसरी, वारा सुटला की वेळ कोणतीही असो, जोडणी क्षणभर पूर्ण तुटे. या दोन खुणांची कारणे वेगळी आहेत, हे केवळ नोंदींमुळे दिसले. पहिली गर्दीची. घराघरांत येणारा प्रकाशतंतू खांबावरच्या एका विभाजकातून फुटतो. सुमारे अडीच गिगाबिटांची एकच धार ३२ किंवा ६४ घरे वाटून घेतात आणि पुढची वाटही सर्वांचीच असते. दुसरी खूण मात्र वाटेतल्या दुखण्याची होती.

वही पाहून या वेळी लाइनमन तरुणाला पाठविण्यात आले. बिचारा दारात येतानाच शिव्या खाण्याच्या तयारीने आला होता. त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने ती उभ्याउभ्याच वाचली आणि म्हणाला, “गुरुजी, हे घरातलं नाही. खांबावर बघतो.” त्याने मापकाने घरात पोचणारा प्रकाश मोजला, उणे २७ आला. प्रकाशाच्या या मापात तीन अंक खाली आले की प्रकाश निम्मा होतो, आणि घरच्या पेटीला साधारण उणे २७ पर्यंतच नीट वाचता येते. म्हणजे आमची जोडणी कड्याच्या टोकावर उभी होती. वाऱ्याने तार हलली की खाली जाई. खांबाच्या आकड्यापाशी तंतू घट्ट वाकलेला निघाला. प्रकाशतंतू फार वाकला की त्यातला प्रकाश बाहेर गळतो. त्याने तेवढा तुकडा काढून नवा सांधा दिला. माप उणे २१ वर आले. प्रकाश चौपट झाला.

यात एक जुना धडा आहे. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की काचेच्या तंतूतून प्रकाश दूर जात नाही, याचे मुख्य कारण काचेतली अशुद्ध द्रव्ये आहेत. ती काढली तर प्रकाश दूरवर जाईल. अधिक प्रखर दिवा लावणे हा त्यावर उपाय नव्हता. १९७० साली अमेरिकेत तशी काच प्रत्यक्षात उतरली आणि २००९ साली काओ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अडथळा कोठे आहे हे नेमके ओळखणे, हेच त्यांचे काम होते.

आम्ही नंतर हिशेब मांडला. फोनवर चेहरा पाहून बोलायला सेकंदाला दोन-तीन मेगाबिट पुरतात. आपल्या देशात कशाला ब्रॉडबँड म्हणावे याची किमान मर्यादा २००४ साली २५६ किलोबिट होती, २०१३ साली ५१२ झाली आणि २०२३ साली २ मेगाबिट ठरली. म्हणजे आजींच्या गरजेला ती किमान जोडणीही जवळजवळ पुरेशी होती. त्यांना हवा होता तो न तुटणारा, मागच्या खोलीपर्यंत पोचणारा थोडासा प्रवाह. आकडा चौपट केल्याने तो मिळाला नाही. तार, भिंत आणि खांबावरचे वळण यांच्याकडे पाहिल्याने मिळाला.

गावांच्या बाबतीतही हेच दिसते. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. पुढे २०१५ साली तिला भारतनेट हे नाव मिळाले. काम मोठे आहे. परंतु पंचायतीच्या कार्यालयात पोचलेली तार आणि गल्लीच्या टोकाच्या घरात बसलेले लेकरू यांच्यामध्येही भिंती असतात, आणि त्या मोजल्या जात नाहीत.

आपल्या कुटुंबांतून कुणी ना कुणी परगावी किंवा परदेशी असतेच. घरची जोडणी रडू लागली तर वेगाची मोठी योजना घेण्यापूर्वी एक वही घ्यावी. प्रथम तारेने मोजावे, मग खोलीखोलीत. निदान आठवडाभर, ठरावीक वेळी. दोष बाहेरचा ठरला तर तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा आणि दाद न मिळाल्यास सेवा देणाऱ्याच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. २०१२ च्या नियमांनी ही दोन पायऱ्यांची सोय ग्राहकाला दिली आहे. आणि दारात आलेल्या लाइनमनच्या हाती आवाज चढविण्याऐवजी नोंद द्यावी. रागाला उत्तर देणे त्याच्या हाती नसते, नोंदीला असते.

रात्रीची गर्दी अजून हटलेली नाही. आठच्या पुढे तारेवरही वेग ८०-९० वर येतो. त्याची लेखी तक्रार चालू आहे. पण मागच्या खोलीतले बोलणे आता तुटत नाही. मुलाने या महिन्यात सतराचा पाढा आईला न थांबता म्हणून दाखविला. फडावर नेण्याचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.