सहाय्यार्थ

८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर म्हटल्यावर लोक लोटले. फंडाचे काम आपोआप झाले. केशवरावांच्या नावाचे कोल्हापूरचे नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळाले, तेव्हा सरकार धावून आले. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या चिमुकल्या नाट्यगृहाला मात्र गळके पत्रे बदलायला स्वतःच नाटक लावावे लागले.

तिकिटे खपवायला मीही दारोदार हिंडलो. "प्रोफेसर, पैसे घ्या, यायला मात्र जमायचे नाही हं!" बहुतेकांनी हसत सांगितले. पत्र्यांपुरते पैसे जमले. तिसरी घंटा झाली तरी निम्म्या खुर्च्या रिकाम्याच. आमचा नायक (दिवसा पोस्टात असतो) पडद्याच्या फटीतून पाहत होता.

"सर, आणखी पाच मिनिटे थांबू या?"

आम्ही पंधरा मिनिटे थांबलो.