दाब आणि ताप

मोटार या वस्तूशीं आमचा संबंध आजवर तींत बसण्यापुरताच होता. जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. यंत्रें पाहिलीं तीं दुरूनच. परंतु इ. स. २०२३ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां अमेरिकेंत, मिशिगन राज्यांत, चिरंजिवांकडे तीन महिने राहिलों, आणि तेथें त्यांच्या मोटारखान्यांत आम्हांला एक धडा मिळाला. तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हे चार शब्द.

चिरंजिवांपाशीं एक जुनी, दोन माणसांची, बसकी, धांवेची मोटार आहे. तिच्या टोपणाखालीं हाताचा पंजाही शिरूं नये इतकी दाटी. तिला टर्बो आहे. इंजिनांतून जो धूर फुकट बाहेर जातो त्याच्या झोतानें एक चाक फिरवावयाचें. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकाचें चाक बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतें. हवा अधिक म्हणजे इंधन अधिक जळतें, आणि शक्तिही अधिक मिळते. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. टाकाऊ धुरांतून बळ काढण्याची ही युक्ति आमच्यासारख्या पेन्शनरास फार आवडली! मात्र हीं चाकें मिनिटाला लाखावर फेरे घेतात, आणि पेट्रोलच्या इंजिनाचा धूर नऊशें अंश सेल्सिअसच्याही वर तापूं शकतो.

चिरंजिवांनीं मूळचा टर्बो काढून मोठा बसविला. दाब वाढला. उष्णतेपासून बचावाचें सामान मात्र ‘पुढच्या महिन्यांत’ घ्यावयाचें ठरलें. एका रविवारीं ते आम्हांला फिरावयास घेऊन गेले. मोकळ्या रस्त्यावर गाडी अशी सुटली कीं आम्हीं मनांतल्या मनांत रामरक्षा सुरू केली. पुढें वाहनांची रांग लागून गाडी उभी राहिली, आणि थोड्याच वेळांत टोपणाच्या फटींतून धूर दिसूं लागला. धुरावरून अग्नीचें अनुमान करावें, एवढें न्यायशास्त्र आम्हांसही ठाऊक आहे. आम्ही घाईनें उतरलों. टर्बोजवळची पाण्याची रबरी नळी मऊ होऊन फुटली होती, आणि शेजारच्या तारांचीं आवरणें वितळलीं होतीं. आग लागली नाहीं, ही ईश्वराची कृपा.

“पळत होती तोंवर कांहीं झालें नाहीं, आणि उभी राहिल्यावर कसें झालें?” आम्हीं विचारलें.

“बाबा, पळतांना वारा उष्णता घेऊन जातो. थांबली कीं ती जागच्या जागीं कोंडते.” मग थोडें थांबून ते म्हणाले, “दाब वाढविण्याची हौस सगळ्यांना असते. उष्णता जाईल कुठें, हें कोणी आधीं पाहात नाहीं.”

ते गाडीविषयींच बोलत होते. आम्हांला मात्र त्यांचें बारावीचें वर्ष आठवलें. त्या वर्षीं आम्हीं त्यांचें क्रिकेट बंद केलें, पहाटे चारला उठविलें, एका शिकवणीच्या तीन केल्या. गुण उत्तम मिळाले. लोकांनीं आमची पाठ थोपटली. परीक्षा संपली त्याच आठवड्यांत मुलगा तापानें अंथरुणास खिळला, आणि बरा झाल्यावरही दोन महिने आमच्याशीं कामापुरतेंच बोलला. उन्हाळा बाधला, असें आम्हीं त्या वेळीं सर्वांना सांगितलें होतें.

पुढचे पंधरा दिवस दुरुस्ती चालली. दिवा धरण्याचें काम आमच्याकडे होतें. वहन, अभिसरण आणि प्रारण या उष्णतेच्या तीन वाटा आम्हींही कधीं बदली तासाला शिकविल्या होत्या; येथें त्यांवरचे उपाय पाहिले. टर्बोच्या तापणाऱ्या अंगास तंतूंची जाड गोधडी घातली. धुराच्या नळीस काचतंतूची पट्टी गुंडाळली, म्हणजे उष्णता नळींतूनच बाहेर निघून जावी. तारांच्या आड पत्र्याचा पडदा लावला, तोही मध्यें हवा खेळेल असा. टोपणास झरोके पाडले. दाबल्यानें हवा स्वतःही तापते, म्हणून ती निववणारा इंटरकूलर मोठा घेतला. सर्वांत स्वस्त उपाय चालकाच्या हातीं असतो : शेवटचे दोन-चार मैल सावकाश जावें, आणि पोंचल्यावर इंजिन मिनिटभर तसेंच चालूं द्यावें. तापलेलें इंजिन एकाएकीं बंद केल्यास टर्बोच्या दांड्याभोंवतीचें तेल तेथेंच करपूं लागतें.

काम करतां करतां त्यांनीं एक गोष्ट सांगितली. मिशिगनमधल्याच ओल्ड्समोबील कंपनीनें १९६२ सालीं ‘जेटफायर’ नांवाची टर्बोची मोटार काढली. दाबलेल्या हवेचा ताप आवरण्यासाठीं तींत पाणी व मिथेनॉल यांचें मिश्रण सोडीत. त्याची टांकी वेळोवेळीं भरावी लागे, आणि पुष्कळ मालक ती भरीतच नसत. १९६३ नंतर ती मोटार बंद झाली.

आमच्यानें राहवलें नाहीं. “बारावीच्या वर्षीं आमचें चुकलें,” आम्ही म्हटलें.

त्यांचा हात थांबला. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, “बाबा, दिवा जरा इकडे धरा.” त्या दिवशीं रात्रीं जेवतांना मात्र ते आमच्याशीं पुष्कळ बोलले.

अकरा वर्षांच्या नातवास आम्ही रोज सकाळीं दोन तास रूपें पाठ करावयास बसवीत होतों. दुसऱ्या दिवसापासून एकच तास ठेवला, आणि तो संपल्यावर दोघे तळ्यापर्यंत फिरावयास जाऊं लागलों. रूपें पूर्वींपेक्षां कमी पाठ झालीं, हें कबूल केलें पाहिजे. पण आम्ही परत निघालों त्या दिवशीं पोथी घेऊन तो आपण होऊन आमच्याजवळ येऊन बसला.