कारण आणि सबब

सोलापुरात वाढलेल्या माणसाला भाषांची भीती वाटत नाही. आमच्या घरात दखनी, शाळेत मराठी, अब्बांच्या कारखान्यात तेलुगू आणि बाजारात कन्नड. एका वस्तूला चार भाषांत चार नावं असतात, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. पण एकाच भाषेत एका गोष्टीला दोन-तीन शब्द असतात आणि त्यातला कुठला उचलला यावर कुणाची तरी रोजी अवलंबून असते, हे मला जपानीनं शिकवलं.

जपानी मी पुण्यात शिकले. त्या भाषेच्या जेएलपीटी परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत. एन-फाइव्ह सगळ्यांत सोपी, एन-वन सगळ्यांत अवघड. वरच्या पायऱ्यांवर जवळच्या अर्थाचे शब्द ओळखायचे प्रश्न येतात. तिथं चुकलं तर मार्क जातो. आता मी इथल्या टॉवेल कारखानदारांची पत्रं जपानीत करून देते. इथं चुकलं तर काय जातं, ते सांगते.

सोलापुरी चादरीप्रमाणे आपल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. पण जपानी गिऱ्हाईक टॉवेलच्या बाबतीत फार चोखंदळ. त्यांच्याकडं इमाबारी नावाचं गाव टॉवेलसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या शिक्क्याच्या टॉवेलचा तुकडा पाण्यावर टाकला की पाच सेकंदांच्या आत बुडायला लागला पाहिजे, अशी कसोटी आहे. अशा देशात माल पाठवणाऱ्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याला तक्रारीचं पत्र आलं. काही टॉवेलांवर मधेच पट्टा दिसत होता, तिथले लूप आखूड होते. पैसे अडकले. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ते अब्बांना ओळखतात, म्हणून मला ‘पोरी’ म्हणतात.

अण्णांच्या ऑफिसातून उत्तराचा कच्चा मसुदा इंग्रजीत आला. त्यात शब्द होता ‘डिफेक्ट’. शब्दकोशात त्याला दोन जपानी शब्द सापडतात, ‘फुर्यो’ आणि ‘केक्कान’. फुर्यो म्हणजे माल ठरलेल्या दर्जाचा उतरला नाही. केक्कान हाही दोषच, पण तो कायद्यातला शब्द आहे. जपानमध्ये 1994 साली झालेला आणि 1 जुलै 1995 पासून लागू असलेला उत्पादकाच्या जबाबदारीचा कायदा याच शब्दावर उभा आहे. वस्तूत जी सुरक्षितता असायला हवी ती नसणं, म्हणजे केक्कान. त्यातून कुणाला इजा झाली तर भरपाई आली. बाहेरून माल आणणारा व्यापारीही त्या कायद्यात उत्पादकच धरला जातो. लूप आखूड राहिला तर फुर्यो. शिवताना मोडलेल्या सुईचा तुकडा किनारीत राहिला तर केक्कान. जपानी व्यापारी माल सुई शोधणाऱ्या यंत्राखालून काढायला सांगतात, ते याच धास्तीनं. आमच्या पत्रात केक्कान गेला असता, तर आखूड लूपची तक्रार आम्हीच अंग कापणाऱ्या टॉवेलएवढी मोठी केली असती. मी फुर्यो लिहिलं.

आपल्याकडं तरी वेगळं काय आहे? अम्मी कापडात ‘नुक्स’ काढायची, माणसात ‘ऐब’. मराठीत मालात ‘दोष’ आहे म्हटलं तर दुकानदार बदलून देतो. ‘खोट’ आहे म्हटलं की तो बाह्या सरसावतो, कारण खोटीमागं खोटेपणा उभा राहतो.

खरी अडचण पुढंच होती. व्यापाऱ्यानं कारण विचारलं होतं आणि त्यासाठी ‘गेन्इन’ हा शब्द वापरला होता. कारणाला जपानीत ‘रियू’ हाही शब्द आहे. तुम्ही असं का केलंत, याचं माणसानं दिलेलं स्पष्टीकरण म्हणजे रियू. घटना कशामुळं घडली, तिचं मूळ म्हणजे गेन्इन. अण्णा म्हणाले, “लिही की पोरी, कामगाराची चूक झाली, त्याला काढून टाकलं. विषय संपला.”

तो कामगार अजून कामावर होता. रात्रपाळीचा, अब्बांच्या वयाचा. पत्रात लिहिलं असतं तर तसं करावंही लागलं असतं.

मी म्हटलं, “अण्णा, हे रियू झालं. त्यांनी गेन्इन विचारलंय. चूक झाली असं लिहिलं तर ते विचारणार, चूक का झाली? त्याचं उत्तर दिलं की पुन्हा का.” तिकडं ही रीतच आहे. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी पाच वेळा ‘का’ विचारायची सवय कारखान्यात रुजवली. माणसाच्या नावावर थांबलेलं उत्तर तिथं अर्धवट धरतात.

अण्णा कुरकुरले, पण जॉबरला बोलावलं. टेरीच्या मागावर दोन बीम असतात, एक जमिनीच्या ताण्याचा, दुसरा लूपच्या ताण्याचा. त्या मागावरची लूपच्या बीमची ब्रेकची दोरी झिजली होती. बीम अडखळत फिरे, ताण मधेच वाढे आणि तेवढ्या पट्ट्यात लूप आखूड पडे. दिवसपाळीच्या मालातही तेच निघालं.

उपायालाही दोन शब्द. ‘ताइओ’ म्हणजे आलेल्या प्रसंगाला दिलेला प्रतिसाद, ‘ताइसाकु’ म्हणजे तो प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त. खराब नग बदलून देणं ताइओ झालं. सगळ्या मागांच्या दोऱ्या ठरलेल्या दिवशी तपासून वहीत सही करणं ताइसाकु. पत्रात दोन्ही वेगवेगळे लिहिले. पैसे सुटले. पुढची ऑर्डर आली, पहिलीपेक्षा लहान. रात्रपाळीचे चाचा त्याच मागावर आहेत.

त्या दिवसांत मला ‘सबब’ या शब्दाची गंमत कळली. अरबीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ उर्दूत कारण असाच आहे. मराठीत सरकारी कागदावर ‘सबब अर्ज नामंजूर’ असं लिहितात तेव्हा तो ‘म्हणून’ असतो. पण बोलण्यात सबब सांगणं म्हणजे बहाणा करणं. लोकांनी कारण विचारावं आणि समोरच्यानं दरवेळी अंग काढून घ्यावं, असं किती पिढ्या चाललं असेल, तेव्हा कुठं शब्दाचा अर्थ असा फिरला असेल?

जपानी शिकायला निघालेली सोलापूरची मुलं-मुली कधी भेटली की मी एवढंच सांगते. शब्दांच्या वहीत अर्थाशेजारी एक रकाना जास्तीचा आखा. हा शब्द लिहिला की उत्तर द्यायला कोण उभं राहतं, ते त्यात लिहा. शाळेत आपण समानार्थी शब्दांमधे बरोबरची खूण करायचो. धंद्याच्या पत्रात ती खूण करताना जरा थांबा.