बाळ आणा, बाबागाडी कडेला ठेवा



चातुर्मास संपला की पंचकल्याणकाच्या पत्रिका येऊ लागतात, आणि पुण्या-मुंबईच्या लेकीसुनांचा फोन येतो, "बाळाची बाबागाडी आणू का?" इथे पुसेगावात आमची मुलं कडेवरच वाढली, म्हणून आमच्या सासूबाईंना हा प्रश्न कधी पडला नाही. पण शहरात एकटीने बाळ सांभाळणाऱ्या मुलीला ती गाडी म्हणजे दोन जादा हात. म्हणून हसण्यावारी न नेता नीट उत्तर द्यायला हवं.

माझं उत्तर असं: बाळाला जरूर आणा. गाडी मुक्कामाच्या खोलीपर्यंत आणा, गर्दीत नको.

पहिलं कारण आपल्या धर्मातलंच आहे. मुनिमहाराज ईर्यासमिती पाळतात, चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. गाडी ढकलताना आपल्याला पुढची जमीनच दिसत नाही, चाकाखाली मुंगी आली की काय ते कळत नाही. सकाळी पडगाहनाला दोन्ही बाजूंनी श्रावक उभे असतात, तेव्हा महाराजांची वाट मोकळी हवी. तिथे चाक नकोच.

दुसरं कारण गर्दीचं. २५ जानेवारी २००५ ला साताऱ्याजवळ मांढरदेवीच्या यात्रेत अरुंद, चढाच्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक माणसं गेली. गर्दी मागून रेटत असते, तेव्हा एक जण अडखळला की मागचे त्याच्यावर पडतात. आपल्याकडे तर सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून सगळा मंडप एकदमच भोजनशाळेकडे निघतो. त्या वेळी गाडीतलं बाळ लोकांच्या गुडघ्याइतक्या उंचीवर असतं, कुणाला दिसत नाही. कडेवरचं बाळ दिसतं. आणि क्षेत्रावर पायऱ्या असतात हेही लक्षात ठेवा. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत, तिथे गाडी पायथ्याशीच राहणार.

आता दुसरी बाजू. एका महोत्सवात जन्मकल्याणकाच्या दिवशी एक तरुण आई गाडीसह दारात आली. स्वयंसेवकाने हात आडवा केला, "गाडी आत नाही." नियम बरोबर होता. पण गाडी कुठे ठेवायची, झोपलेलं बाळ कसं घ्यायचं, हे कुणीच सांगितलं नाही. ती उन्हात उभी राहिली. आत आम्ही बालप्रभूंचा पाळणा हलवायला रांग लावून उभ्या, आणि बाहेर खरं बाळ घामाने भिजलेलं. मी आणि जाऊबाई बाहेर गेलो. आळीपाळीने बाळ घेतलं, तिला आत पाठवलं. पाळण्याची दोरी ओढून ती परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. म्हणाली, "काकू, बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच आले. आता परत यायचं नाही असं ठरवलं होतं."

पंचेचाळीस दिवस झाले की आपण हौसेने बाळाला दर्शनाला नेतो, त्याच्या कानात णमोकार म्हणतो. आणि पुढच्याच वर्षी त्याच्या आईला दारातून परत पाठवलं, तर तो णमोकार त्याला पुढे शिकवणार कोण?

म्हणून आईंनी एवढं पाळावं. शोभायात्रेत आणि रांगेत गाडी नको. मंडपापाशी आणलीच तर घडी घालून कडेला ठेवावी, तिच्यावर पिशव्यांचा ढीग नको. बाळ रडलं की उठता यावं म्हणून कडेची जागा घ्यावी. बाळाच्या खिशात मोबाईल नंबरची चिठ्ठी असावी. लंगोट-डायपर पिशवीत बांधून परत न्यावेत.

आणि आपण मोठ्यांनी एवढं करावं. मंडपाच्या कडेला सावलीत बाळांसाठी एक कोपरा, सतरंजी, पाणी, दूध पाजायला पडदा आणि दर तासाला दोघी जणींची पाळी. जुळी मुलं असतील, आईचे टाके ओले असतील, किंवा लेकराला बसताच येत नसेल, तर "घडी घाल" म्हणू नये. त्याची गाडी म्हणजे त्याचे पाय. त्याला वाट करून द्यावी.

आमच्या महिला मंडळाच्या येत्या बैठकीत मी हा कोपरा मागणार आहे. तुम्हीही आपापल्या गावी मागा. खर्च फारसा नाही. घरून एक जुनी सुती साडी आणली की झोळी होते.