तळवली ते कलिना, उन्हाळी सत्रात

मे महिन्यात तळवलीच्या गल्ल्यांत सकाळी सातलाच घाम फुटतो. घरं एकमेकांना इतकी खेटून उभी आहेत की माझ्या खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या घराचा गज हाती लागतो. जिना जेमतेम एका माणसाचा. कुणी गॅसचा सिलिंडर घेऊन वर येत असेल तर उतरणाऱ्याने मागे फिरून वळणावर थांबायचं. तळमजल्यावर पत्र्याच्या पेटीत विजेचे मीटर ओळीने लावलेले आणि प्रत्येकावर खडूने खोलीचा नंबर. नवी मुंबईत अशा घरांना एक सरकारी नाव आहे: गरजेपोटी बांधलेली घरं.

मी मूळची माण तालुक्यातली. मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राचं एम.ए. करायला आले, तेव्हा कलिन्याच्या आसपास भाडं परवडणारं नव्हतं. तळवलीत खोली मिळाली. उन्हाळी सत्रातले वर्ग आता संपलेत, पेपर तोंडावर आहेत आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडलंय. खोलीतल्या उकाड्यात वाचन होत नाही, म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयाची वाट धरायची.

निघताना घरमालकीण काकी दारातच मासळी निवडत बसलेल्या. "बाय, डबा घेतलास ना?" त्यांनी विचारलं. घेतला होता. गल्लीतून बाहेर पडलं की ठाणे-बेलापूर रस्ता, पलीकडे एमआयडीसीचे कारखाने. घणसोली स्टेशनवर इंडिकेटर नीट बघावा लागतो. पनवेलची गाडी तुर्भ्याहून जुईनगरकडे वळते. आपल्याला वाशीची हवी. ती आली, दाराजवळ उभं राहण्यापुरती जागा मिळाली.

कोपरखैरण्यापर्यंत एका बाजूला रिलायन्सच्या काचेच्या इमारती दिसत राहतात आणि दुसऱ्या बाजूला सिडकोने आखलेले सेक्टर. मध्येच एखाद्या गावठाणाचा दाट पुंजका डोकं वर काढतो आणि पुन्हा सरळ रस्ते सुरू होतात. हे आखलेलं शहर भातशेती, मिठागरं आणि खाडीकाठच्या जमिनीवर उभं आहे. आधी औद्योगिक वसाहतीसाठी जमीन गेली. मग १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. काकी लग्न होऊन तळवलीत आल्या त्या सुमाराला. भाताची कापणी त्यांनी केलीय, खाडीतला जिताडा घरी आलेला पाहिलाय. जमीन गेली, पण गावठाणाची हद्द काही वाढवून मिळाली नाही, असं गावातली जुनी माणसं सांगतात. एका घरात चार मुलगे झाले, त्यांची लग्नं झाली. राहायचं कुठे? मग गावाला लागून असलेल्या जमिनीवर घरं बांधली, मजले चढवले, भाडेकरू ठेवले. शेती गेल्यावर घरभाडं हाच अनेकांचा हंगाम झाला. कागदोपत्री मात्र ती जमीन सिडकोची आणि घर अतिक्रमण.

वाशीला गाडी बदलली. हार्बरच्या गाडीत बसायला जागा मिळाली तशी राजकीय विचारवंत पार्थ चॅटर्जींच्या २००४च्या पुस्तकाची झेरॉक्स काढली. खाडीपूल सुरू झाला की डब्यात वारा शिरतो. ओहोटी होती, चिखलात रोहित पक्षी उरले असतील म्हणून नजर टाकली, पण लांबवर नुसते बगळे दिसले. मानखुर्द येईपर्यंत मी पुन्हा त्याच पानावर.

चॅटर्जी म्हणतात, आपल्या लोकशाहीत नागरी समाज मोजक्यांचा आहे. बहुसंख्य लोक 'राजकीय समाजा'त जगतात. त्यांचं राहणं, त्यांचं पोट कायद्याच्या चौकटीत बसत नाही. सरकारही ते जाणून असतं आणि हक्क म्हणून नाही, तर तडजोड म्हणून त्यांना पाणी, वीज, शाळा देतं. त्यांचं एक उदाहरण दक्षिण कोलकात्यातल्या रुळांलगतच्या वस्तीचं आहे. गोवंडीच्या आसपास खिडकीतून बाहेर पाहिलं की ते उदाहरण समजावून सांगायला कुणी लागत नाही. वर्गात हा सिद्धांत शिकले तेव्हा तळवलीला तो चपखल बसतो असंच आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. मीटर आहेत, मालमत्ता कर भरला जातो, निवडणुकीत घरं नियमित करण्याची आश्वासनं मिळतात, २०२२ साली तसा शासन निर्णयही निघाला. सगळं जुळतं.

पण काकींच्या घरात राहिल्यावर ते जुळेना. कोलकात्यात माणसं सरकारच्या जागेवर येऊन राहिली. इथे सरकार माणसांच्या जागेवर आलं. ही सातबाऱ्यावर नाव असलेली, शेतसारा भरणारी, आपल्या ग्रामपंचायतीला मत देणारी माणसं होती. म्हणजे नागरी समाजाची प्रत्येक अट पुरी करणारी. त्यांना कायद्याबाहेर ढकलण्याचं काम भूसंपादनाच्या कायद्यानेच केलं. संपत्तीचा हक्क तेव्हा अजून मूलभूत हक्क होता. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढला. ही माणसं तडजोड करायला रस्त्यावर आली नव्हती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला उरण तालुक्यातल्या जासई-पागोटे परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उतरले ते हक्काचा मोबदला मागायला, आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना १९९०मध्ये आली. याला केवळ सरकारशी केलेली घासाघीस म्हणणं मला मान्य नाही.

कुर्ल्याला पश्चिमेला उतरून सांताक्रूझकडे जाणारी बेस्ट पकडली. मिठी नदी, भंगाराची दुकानं, ट्रॅफिक. एवढ्याशा अंतराला जीव नकोसा होतो. त्या थांबलेल्या बसमध्ये आणखी एक गोष्ट वहीत टिपून ठेवली. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ला झाली आणि तळवलीसारखी गावं प्रभाग बनली. त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षात, एप्रिल १९९३मध्ये, ७३वी घटनादुरुस्ती लागू होऊन ग्रामसभेला घटनेत स्थान मिळालं. देशभरातल्या गावांना एकत्र बसून ठराव करायचा घटनात्मक अधिकार मिळाला, तेव्हा या गावांकडे ग्रामसभाच उरली नव्हती. पाठ्यपुस्तकात या दोन तारखा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. तळवलीच्या माणसाच्या आयुष्यात त्या लागोपाठ आल्या.

कलिन्याच्या आवारात सुट्टीची शांतता आणि गुलमोहराखाली दोन-चार मुलं. आमच्या विभागाचं नाव नागरिकशास्त्र व राजकारण विभाग; तो १९४८मध्ये सुरू झाला. उषा मेहता या विभागाच्या प्रमुख होत्या. १९४२च्या आंदोलनात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना हुलकावणी द्यायला जागा बदलत राहिल्या, पकडल्या गेल्या आणि १९४६पर्यंत येरवड्याच्या तुरुंगात होत्या. नंतर गांधीविचारांवर पीएच.डी. करून आयुष्यभर शिकवलं. राज्यसत्ता कशी चालते हे कोठडीतून पाहिलेली बाई इथे शिकवत होती, याचा मला या जिन्यावर पाय ठेवताना दरवेळी अभिमान वाटतो.

माझ्या मार्गदर्शक मॅडम त्यांच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होत्या. माझं म्हणणं त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. सिद्धांत चुकतो म्हणू नकोस, म्हणाल्या. तो कुठे अपुरा पडतो ते दाखव. पण दाखवणार कशावरून? काकींच्या आठवणींवरून प्रकरण उभं राहणार नाही. संपादनाच्या आधी जमीन कुणाच्या नावावर होती आणि कोणत्या नोंदीने सिडकोच्या नावावर गेली, हे फेरफारातच सापडेल. शंभर घरांचं नको, एकाच गटातल्या दहा सातबाऱ्यांचा माग काढ.

ग्रंथालय बंद होईपर्यंत बसून १८९४च्या भूसंपादन कायद्याची टिपणं पुरी केली. परतीच्या गाडीतून काकींना फोन लावला आणि जुन्या जमिनीचा सर्व्हे नंबर विचारला. एका दमात त्यांनी तीन नंबर सांगितले, पोटहिश्श्यांसकट. तळवली ठाणे तालुक्यात येतं. तेव्हा उद्या घणसोलीहून ठाण्याची गाडी, आणि कार्यालय उघडायच्या आधी तहसीलच्या रांगेत.