कुवेतच्या वेशी

परक्या मुलुखात उतरल्यावर भाड्याची मोटार घ्यावी की सार्वजनिक वाहनावर भिस्त ठेवावी, हा प्रश्न इटलीसारख्या रेल्वेने विणलेल्या देशात प्रवाशाच्या लहरीवर सोपवता येतो. परंतु जेथे रेल्वेचा एक रूळही नाही, पेट्रोल लिटरला 85 फिल्स दराने मिळते आणि ग्रीष्मातील मध्यान्ही रस्ता ओलांडणे हेच साहस ठरते, त्या कुवेतमध्ये त्याचा निकाल आधीच लागलेला आहे, असे तेथे स्थायिक झालेला प्रत्येक जण सांगतो. साल्मियात राहणारा माझा भाचा तर म्हणाला, "मामा, इथे बसने कोणी फिरत नाही." रोज सकाळी त्याच्याच इमारतीखाली बसची वाट पाहणारे हिंदी, बांगलादेशी आणि मिसरी कामगार या 'कोणी'त धरलेले नव्हते. हिवाळ्याचे दिवस होते, हवा प्रसन्न होती; मी बसने निघालो.

अडीचशे-तीनशे फिल्सांत ही बस शहरातील मालिया थांब्यापर्यंत नेते. तेथून थोडे चालत गेल्यावर, वाहनांच्या अखंड प्रवाहाने वेढलेल्या हिरवळीच्या वर्तुळात, जहरा वेस दिसते. दोहों बाजूंना तट नसलेली वेस पाहून प्रथम हसू येते. परंतु 1920 साली नज्दच्या इखवान टोळ्यांच्या स्वारीचे भय निर्माण झाले, तेव्हा याच ठिकाणी सबंध नगराने खपून, समुद्रापासून समुद्रापर्यंत, अर्धवर्तुळाकार मातीचा तट उभारला होता. पुढे तेलाचा पैसा आला. 1952 साली एका ब्रिटिश मंडळीकडून नगररचनेचा आराखडा करवून घेण्यात आला, आणि त्यातील वर्तुळमार्गांना व वाढत्या वस्तीला वाट करून देण्यासाठी 1957 साली तट पाडण्यात आला. पाच वेशी तेवढ्या राखल्या, आणि तटाच्या रेषेवरून पहिला रिंगरोड धावू लागला. शत्रूला जे साधले नाही ते मोटारीने साधले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पाडणारे हात नगराचेच होते.

आणि ही मोटार आली कोठून? 1912 च्या सुमारास तेव्हाचे शासक शेख मुबारक यांना कुवेतमधील पहिली मोटार नजर केली ती मुंबईत व्यापार करणाऱ्या, अल-इब्राहिम घराण्यातील एका धनाढ्य मोती-व्यापाऱ्याने. मुंबईचा संबंध येथे पावलोपावली निघतो. इराणी आखाताचा ब्रिटिश रेसिडेंट 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या हुकमतीखाली होता. कुवेतची गलबते बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईस येत आणि मलबारचे सागवान घेऊन परतत. आणि 1961 साली दिनार आला तोपर्यंत मुबारकियाच्या बाजारात रुपयाच चालत असे. त्या बाजाराच्या छायेत चहा पीत बसलेल्या मराठी माणसाला आपण फार दूर आलो आहोत असे वाटत नाही. सरकारी बस कंपनी त्यानंतर, 1962 साली, स्थापन झाली; म्हणजे येथे मोटार बसहून अर्धशतकाने ज्येष्ठ आहे, आणि तो मान ती सोडत नाही.

शहराबाहेर मात्र भाच्याचे म्हणणे खरे ठरते. सुमारे 32 किलोमीटरवरील जहऱ्याच्या लाल किल्ल्यास, जेथे ऑक्टोबर 1920 मध्ये तत्कालीन शासक शेख सालिम यांना इखवानांनी वेढले होते, आम्ही त्याच्या ओळखीने घेतलेल्या भाड्याच्या मोटारीने गेलो. किल्ला म्हणजे मातीच्या भिंतींची एक बैठी गढी. आमच्याकडील डोंगरी किल्ल्यांच्या सवयीने तिला नाक मुरडू नये. तेथून परत शहराकडे वळून, 2019 साली खुला झालेल्या सुमारे 36 किलोमीटर लांबीच्या शेख जाबिर पुलावरून आम्ही खाडीपलीकडील सुबियाच्या वाळवंटात उतरलो. त्या रिक्त भूमीत हिवाळी तंबू ठोकून बसलेली कुवेती कुटुंबे पाहायची असतील, तर मोटारीवाचून गत्यंतर नाही.

माझा अभिप्राय असा, की रिंगरोडच्या आतले कुवेत बसने आणि पायी पाहावे, आणि जहरा व सुबिया यांच्यासाठी तेवढी मोटार घ्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ साधावा, वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना घरून निघण्यापूर्वीच काढून ठेवावा, आणि तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात हे सुकाणूचक्र हाती घेताना विसरू नये.