भाऊबीजेला फियाट येणार नाही

नाशिक,
वसुबारसेच्या आधीचा रविवार

ती. ताईस,


यंदा भाऊबीजेला अण्णांच्या फियाटमधून तुला न्यायला येईन, असं गणपतीत कबूल केलं होतं. गाडी येणार नाही. मी येईन, सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने, आणि संध्याकाळी पंचवटीनेच आपण दोघं कल्याणहून परत निघू. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "एवढा खर्च केलास, आता आणखी काय राहिलं?" म्हणून नीट लिहितोय.

दुरुस्तीनंतर इंजिन छान चालतंय. दारं पूर्वीसारखी एका आवाजात लागतात. अडलंय ते ब्रेकच्या पाइपांच्या सांध्यांवर.

दसऱ्याला सकाळी गाडीला हार घालायला गेलो. रात्री खाली वर्तमानपत्र पसरून ठेवतो, त्यावर मागच्या डाव्या चाकाजवळ रुपयाएवढा ओला डाग. वाकून पाहिलं तर सांध्याखालचा नवा रंग सायीसारखा सुरकुतला होता. बोट लावलं आणि पापुद्रा हातात आला. ब्रेक ऑइल रंग खातं, हे अण्णा आपल्याला बजावायचे. म्हणून तर डबा हाताळायचा तर शेजारी पाण्याची बादली हवी, असा त्यांचा नियम होता.

नट आवळला. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पुन्हा डाग. आणखी आवळला. मग ज्या गॅरेजमधून पाइप करून घेतले होते तिथे गेलो, तर त्यांनी नट सोडून आट्यांवर नळाला गुंडाळतात तशी टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि "आता बघा" म्हणाले. मला तिथेच अण्णा आठवले. मायको कंपनीत नोझलच्या खात्यात त्यांची हयात गेली. डिझेलच्या नोझलमध्ये सुई आणि तिची बैठक यांच्यात ना रबर, ना वॉशर. धातूवर धातू मायक्रॉनच्या हिशेबात बसतो आणि तेवढ्यावर भयंकर दाब अडतो. ब्रेकच्या पाइपाचंही तेच आहे. पाइपाचं तोंड फुलवलेलं असतं, त्याला फ्लेअर म्हणतात. ते फुललेलं तोंड समोरच्या शंकूवर दाबून बसवायचं, एवढंच नटाचं काम. गळती थांबवतं ते तोंड. आट्यांचा त्याच्याशी संबंध नाही, मग तिथे टेप लावून काय उपयोग? उलट तिचा एखादा तुकडा आत गेला तर बारीक छिद्र बुजायचं.

घरी येऊन टेप काढली, पाइप सोडवला आणि तोंड भिंगाखाली धरलं. कड एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. पातळ बाजूला केसाएवढी चीर. फ्रिजवाल्यांच्या हत्याराने एकेरी फ्लेअर केली होती. तांब्याच्या मऊ नळीला ती चालते. ब्रेकच्या पोलादी पाइपाला तोंड आधी आत वळवून मग फुलवावं लागतं, म्हणजे कड दुहेरी होते आणि फाटत नाही. मी जितका आवळत गेलो तितकी ती चीर वाढत गेली. हे पाहिलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण जोर माझ्याच हाताचा होता.

पुढच्या होजवर दुसरंच दुखणं. तिथे तांब्याचे वॉशर जुनेच परत घातले होते. तांबं एकदा दाबलं की कडक होतं, दुसऱ्यांदा त्या जागेचा आकार घेत नाही. शिवाय एक नट दोन आटे हाताने गेला आणि अडला. फियाट मूळची इटलीची, मापं मिलिमीटरची. हा आला होता इंचाचा. दहा मिलिमीटर आणि तीन अष्टमांश इंच यांच्यात अर्धा मिलिमीटरही फरक नाही, डोळ्याला कळत नाही. पान्याने रेटला असता तर गेलाही असता, आटे खाऊन. सुटे भाग मिळणंही आता अवघड झालंय. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी, म्हणजे फियाटच्याच, टॅक्सी गेल्या आणि त्यांच्या जिवावर चालणारी दुकानंही विरळ झाली.

तुला वाटेल, थेंबभर गळतीसाठी एवढं? ताई, आपल्या गाडीला मास्टर सिलिंडर एकच आणि त्यातून चारही चाकांना जाणारी वाटही एकच. हल्लीच्या गाड्यांत दोन वेगळ्या वाटा असतात, एक गेली तरी दुसरी थोडंफार थांबवते. आपल्याकडे एक सांधा सुटला की चारही चाकं गेली. आणि मी कसारा घाट उतरून येणार होतो. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ चं नवं ऑइल २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. उतारावर ड्रम तापले, आत वाफ झाली, की पेडल थेट जमिनीला टेकतं. अण्णा घाट उतरताना गिअर खाली घेऊन सावकाश यायचे. मागून ट्रक हॉर्न वाजवायचे आणि तू मागच्या काचेतून त्यांना हात करायचीस.

सगळे पाइप नव्याने केले. चांगलं टूल आणलं, आधी चार तुकडे वाया घालवले. पहिल्या तुकड्यावर फ्लेअर सुंदर आली आणि नट ओवायचा राहिला होता. आता प्रत्येक तोंड भिंगाखाली पाहून, नट शेवटपर्यंत हाताने फिरवून मगच पाना लावलाय.

ऑइल मात्र भरलेलं नाही. डबा सीलबंद ठेवलाय, कारण उघडला की पाणी ओढायला लागेल. आणि पाइपांतली हवा काढायला पेडलवर माणूस लागतं. आठवतं ना? अण्णा गाडीखाली, हातात काचेची बाटली आणि रबरी नळी, मी टॉर्च धरून आणि तू सीटच्या कडेवर, पाय पुरत नाही म्हणून पाठीला उशी. "दाब. दाब. आता धर... सोडू नकोस गं... सोड." बाटलीतले बुडबुडे थांबेपर्यंत. सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक आधी.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर करू, ऊन यायच्या आत. जुनी साडी किंवा पंजाबी ड्रेस घेऊन ये, चांगल्या कपड्यांवर ते ऑइल नको. मग आठ दिवस खाली वर्तमानपत्र राहील. कोरडं निघालं तर पहिली फेरी गंगापूर धरणापर्यंत, सपाटीवर.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा